सेकंदाला बारा चित्रं

६ जानेवारी

दाबलं बटण! सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी. आता पंचेचाळीस दिवस लोकांकडून पैसे जमवायच्या साइटवर माझी 'खारपाय' दिसत राहणार – माझा फोटो (भयंकर आलाय), दीड मिनिटाचा व्हिडिओ आणि खाली हिरवी पट्टी. पैसे येतील तशी ती भरत जाणार. सध्या रिकामी.

अकरा मिनिटांची फिल्म. सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे सात हजार नऊशे वीस. सगळी कागदावर, पेन्सिलने, हाताने. त्यासाठी नऊ लाख – वर्षभराचा माझा जेमतेम खर्च, दोन मदतनिसांचा पगार, आवाज, संगीत. साइटची अट सरळ आहे. एकोणीस फेब्रुवारीपर्यंत पूर्ण नऊ लाख जमले तर मिळतील. एक रुपया कमी पडला तर ज्याचे त्याला परत. अट वाचून आधी साइट बंद केली होती. मग वाटलं, बरंय. दहा वर्षं स्टुडिओत परदेशी मालिकांचे ससे आणि अस्वलं रंगवली, तिथे अर्ध्या पैशात अर्धं काम करायची सवय लागली होती. ती तरी सुटेल.

७ जानेवारी

चार जण! तिघे ओळखीचे. चौथी कुणी उन्नती म्हणून आहे, कोल्हापूरची. मला ओळखत नाही, मी तिला ओळखत नाही. पाचशे रुपये दिले. तिचं नाव तीनदा वाचलं.

९ जानेवारी

बाबांना कळलं. वरच्या मजल्यावरच्या काकांनी फोनवर दाखवलं त्यांना. 'तुमची ईश्वरी दिसतेय यात.' बाबा वर चढताना ठीक होते, उतरताना ब्रह्मांड आठवलेलं.

'आपल्या घरात वर्गणी दिली जाते. मागितली जात नाही.'

मी म्हटलं, दर गणपतीला सोसायटीचं पावतीपुस्तक घेऊन कोण फिरतं?

'ती देवाची.'

'ही माझी.'

जास्त बोलले, माहितीय. पण छत्तिसाव्या वर्षी माणसाने किती दिवस गप्प बसायचं? बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, कराडहून इथे नेरुळला आले, तेव्हापासून कुणापुढे हात पसरला नाही हेच त्यांचं वैभव. मान्य आहे मला. पण मी हात पसरत नाहीये, हात दाखवतेय. हा हात काय काढतो ते बघा आणि पटलं तर द्या. दोन्हींत फरक आहे. बाबांना दिसत नाही. त्याला माझा इलाज नाही.

१२ जानेवारी

दोनशे सोळा चित्रं टराटरा फाडली!

सखूकाकीला दाखवली ना. चूक झाली – नाही, चूक नाही, दाखवलं तेच बरं झालं.

सखूकाकी म्हणजे फिल्मची नायिका. शिरवण्याच्या गावठाणातली, सत्तरी ओलांडलेली, आमच्या सेक्टरच्या मार्केटबाहेर भाजी घेऊन बसते. तीन वर्षांपूर्वी तिला रस्ता ओलांडताना पाहिलं आणि पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. असं चालताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. पाऊल उचलतच नव्हती, सरकवत होती. मग कळलं, बारा-तेराव्या वर्षापासून मिठागरात काम केलंय. माहेरचं आगर, द्रोणागिरीच्या पुढे. हंगामाच्या आधी बायका रांगेत उभ्या राहून आगराची चिखलाची जमीन पायाने चोपतात, तास न् तास, ती घट्ट आणि सपाट होईपर्यंत. मग पाणी घेतात, मग मीठ धरतं. त्या एका हंगामाची माझी फिल्म आहे. नाच नाही, गाणं नाही. एक मुलगी आणि तिचे पाय.

तर आज मार्केटमध्ये, गवारीच्या ढिगाशेजारी लॅपटॉप ठेवून तिला पंधरा सेकंद दाखवले. बघितले. पुन्हा बघितले. म्हणाली, 'टाच उचलते ही.'

किंचित उचललीय, काकी.

'किंचित पन नाय. खालती मागचे सालचं मीठ धरलेलं हाय ना? टाच उचलली का पुढच्या पावलाला कापतंय. मना इचार.' आणि चप्पल काढून तळवा दाखवला. भर बाजारात.

घरी येऊन फाडली. उद्या पहिल्यापासून.

१६ जानेवारी

अभिराम आला होता. स्टुडिओत आम्ही शेजारी बसायचो, सहा वर्षं. त्याची रेषा माझ्यापेक्षा चांगली होती. आता तो ऐरोलीच्या एका कंपनीत आहे, तिथे कुणी चित्र काढत नाही, मशीनला सांगतात. पगार तिप्पट.

माझा ढीग बघून हसला. वाईट हसला नाही. म्हणाला, 'ईशू, तू मेन पोझ दे. मधली चित्रं मशीन भरेल. तीन आठवड्यांत हातात फिल्म. नऊ लाख कशाला, पन्नास हजारांत.'

मी म्हटलं, मधल्या चित्रांतच फिल्म आहे.

'हे कोणाला कळणारे?'

सखूकाकीला.

 जाताना लाइट बॉक्सवर एक कागद घेऊन उगाच एक मांजर काढून गेला. चार रेषांत. जळले मी.

२० जानेवारी

पट्टी एकोणीस टक्क्यांवर अडकलीय. खाली एका शहाण्याची कमेंट – 'हे सगळं आता फुकटात पाच मिनिटांत होतं, लोकांना लुबाडू नका.' मी उत्तर लिहिलं, 'पाच मिनिटांत होत असेल तर करून दाखवा, बारा चित्रं, एक सेकंद, टाच उचलायची नाही.' अजून उत्तर नाही. येणारही नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला सेक्रेटरीने सगळ्यांसमोर विचारलं, 'मग, किती जमले?' बाबा शेजारी उभे. मी मोठ्याने सांगितलं, 'सव्वीस टक्के!' लपवायचंय काय त्यात? बाबांनी जिलबी न घेताच जिना गाठला.

१ फेब्रुवारी

काय संध्याकाळ होती! नीट लिहिते, नाहीतर उद्या विसरेन.

सखूकाकीच्या भावकीत हळद. मला आग्रहाने बोलावलं. शिरवण्याच्या त्या गल्ल्या आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर, आणि मी पंधरा वर्षांत एकदा आत गेले असेन. मांडव, पिवळे चेहरे, मटणाचा वास, स्पीकरच्या भिंती. आणि एका टेबलाशी वही घेऊन बसलेला माणूस – आहेराची वही. जो येतो तो पाकीट देतो, वहीत लिहिलं जातं, आणि माइकवर पुकारा होतो. अमक्याकडून पाचशे एक. तमक्याकडून अकराशे एक. कुणी लाजत नाही. कुणी लपवत नाही. मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. पंचवीस दिवस मी साइटवर हेच तर करतेय! मांडव नाही, एवढंच.

हे बोलले सखूकाकीच्या पुतण्याशी. पंढरीशेठ. चार इमारतींची भाडी, पाण्याचे टँकर, खडी-मातीचा धंदा, गळ्यात बोटाएवढी चेन. त्याने माझ्याकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं. 'म्हंजे आमचे काकीचा सिनेमा निंघतोय, आनि गाव बसलंय गप?' उठला, माइक घेतला, गाणं बंद केलं. 'आयका! सखूकाकीचे सिनेमाला आहेर. पंढरीनाथ यांच्याकडून पाच हजार एक!'

आणि सुरू झालं. तीन हजार एक, दोन हजार एक, शंभर एक. म्हाताऱ्या कनवटीचं सोडत होत्या. मी घाबरले – रोख घेऊन साइटवर भरू कसे? पंढरीशेठची मुलगी नमिता – बँकेत असते, तिचंही लग्न ठरलंय एप्रिलमध्ये – तिने तिथल्या तिथे सोय लावली. ज्याचे पैसे त्याच्याच फोनवरून, त्याच्याच नावाने साइटवर. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या मुला-सुनांच्या फोनवरून. त्रेसष्ट जण! एक लाखाच्या वर!

शेवटी माझ्या हातात माइक दिला.  वाटलं, या लोकांना शब्द तरी द्यावा. म्हटलं, 'तुमचा एक रुपया बुडणार नाही. नऊ लाख जमले नाहीत, तर प्रत्येकाला पैसे परत मिळतील!'

टाळ्या येतील असं वाटलं होतं. सगळे गप्प झाले. पंढरीशेठने हलकेच माइक काढून घेतला आणि गाणं लावलं. का, ते कळलं नाही. थकले असतील.

४ फेब्रुवारी

पट्टी अठ्ठेचाळीस टक्के. निम्म्याला आलं! नवीन चाल जमली. टाच जमिनीवर. काकी म्हणाली, 'आता ठीक हाय. पन ती दमत नाय कशी?' म्हणजे पुन्हा काढायची. दमलेली.

१० फेब्रुवारी

एकसष्ट टक्के. उन्नतीबाईंनी आणखी पाचशे दिले आणि लिहिलं, 'हार मानू नका.' मी मानतेय असं दिसतं का कुठे?

१३ फेब्रुवारी

अभिरामचा फोन. त्याच्या कंपनीला फिल्म आवडली. उरलेले सगळे पैसे कंपनी घालायला तयार आहे – आज, लगेच. पट्टी शंभरावर! अटी दोन. मधली चित्रं मशीन करणार. आणि माझी आतापर्यंतची सगळी चित्रं मशीनला शिकायला द्यायची.

'सखूकाकीची चाल कायमची राहील, ईशू. मशीन विसरत नाही.'

नमुना म्हणून त्याने माझ्या व्हिडिओतल्या दहा पोझ घेऊन एक तुकडा करून पाठवला. वीस सेकंद.

सुंदर होता. खोटं कशाला लिहू? पाणी माझ्यापेक्षा चांगलं हलत होतं. तीन आठवड्यांचं काम एका दुपारी झालं होतं. जेवण गेलं नाही मला.

१४ फेब्रुवारी

काकीला दाखवला तो तुकडा. कुणी केला ते सांगितलं नाही. तिने चष्मा पुसून बघितला.

'ही बाई मॉलात चाललेय.'

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेथीची जुडी सांडली. काकीला कळेना हसण्यासारखं काय आहे. 'खरंच सांगतंय. साडी आमची, चाल मॉलची.'

अभिरामला कळवलं – नाही. त्याने लिहिलं, 'पाच दिवस राहिलेत. अठ्ठावीस टक्के कमी आहेत. वेडी आहेस का?' हो! वेडी आहे. वेडी आहे म्हणूनच सात हजार नऊशे वीस चित्रं काढायला बसलेय. शहाणी असते तर तुझ्या शेजारच्या खुर्चीत असते.

१६ फेब्रुवारी

बाबांना ती ऑफर कुठूनतरी कळली. पहिल्यांदा आपणहून खोलीत आले. 'मिळत होते ते घेतले का नाहीस? इतके दिवस परक्यांपुढे मागत होतीस, आता देणारा आला तर नको?'

मी म्हटलं, बाबा, तुम्ही धरणावर होतात तेव्हा ठेकेदाराने सिमेंट कमी घालून वेळेत करून देतो म्हटलं असतं तर?

त्यांनी ढिगातला वरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, 'सही केली नसती.' आणि गेले. चहा मात्र त्यांनीच केला.

१९ फेब्रुवारी

शहात्तर टक्के. संपलं.

पट्टी करडी झाली. खाली लिहून आलं – 'ही मोहीम यशस्वी झाली नाही.' मशीनचं मराठी. मी यशस्वी झाले नाही असं कुठे लिहिलंय? मोहीम झाली नाही. मी आहे.

आज एकही चित्र काढलं नाही. रडले, हे लिहून ठेवते. दुपारी दोन ते चार.

२२ फेब्रुवारी

पैसे परत जायला लागले, आपोआप, ज्याच्या त्याच्या खात्यात. मी म्हटलं, चला, शब्द तरी पाळला.

अकरा वाजता पंढरीशेठचा फोन. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. अगदी हळू आवाजात – 'मॅडम, आमचं काय चुकलं?'

मी म्हटलं, कुठे काय? पैसे पोचले ना?

'पोचले. तेच इचारतोय. आहेर परत कवा येतो माहिती हाय का तुमाला? लगीन मोडला तर येतो. नायतर संबंध तोडायचा असला तर येतो. यातला कंचा?'

 साइटचे नियम सांगायला लागले. त्याने मध्येच तोडलं. 'गावात त्रेसष्ट घरी आज आहेर परत आलाय. काकी बाजारात गेली नाय. तोंड दाखवायची लाज वाटते म्हनते.' फोन ठेवला.

आता कळलं त्या हळदीत सगळे गप्प का झाले. मी भर मांडवात, माइकवरून, लग्न मोडण्याची गोष्ट केली होती! आणि वर हसत!

२३ फेब्रुवारी

गेले शिरवण्याला. जायचंच होतं, मार खावा लागला तरी. बाबा म्हणाले, 'मी येतो.' मी नको म्हटलं. माझी चूक, मी निस्तरणार.

पंढरीशेठच्या इमारतीखाली, गाड्या लावतात तिथे, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आठ-दहा जणी. सखूकाकी भिंतीकडे तोंड करून. माझ्याकडे बघेचना. मी सरळ म्हटलं, चुकले. मला तुमची रीत माहीत नव्हती. मला वाटलं, पैसे परत देणं म्हणजे प्रामाणिकपणा.

'परामानिकपना सावकाराशी,' भागीरथीआजी म्हणाली. ती सगळ्यांत म्हातारी, तिने शंभर एक दिले होते. 'आमी काय कर्ज दिलेलं?' मग मला जवळ बोलावलं. 'मना एक सांग. काम बंद केलंस?'

'नाही, आजी.'

'चित्रां काढतंस?'

'रोज.' एकोणीस तारीख सोडून, हे मनात.

ती सगळ्यांकडे वळली. 'मंग लगीन चालू हाय की!'

एवढंच! झालं! हा निवाडा! सखूकाकी वळली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, 'किती बारीक झालीस गं.' 

नमिताने तिथेच वही काढली. ताटात हळद-कुंकू, त्यावर रोख. या वेळी साइट नाही, पट्टी नाही, टक्के नाहीत. पंढरीशेठचे पाच हजार एक सगळ्यांत आधी, पुन्हा पुकारा करून. मी म्हटलं, पण यात फार तर दीड मिनिट होईल हो, अकरा नाही.

'होईल तेवडा कर,' पंढरीशेठ म्हणाला. 'वीस एप्रिलला नमिताची हळद. स्क्रीन लावतोय, वीस फुटी. मिनिट झाला तर मिनिट दाखव. फुडचे हळदीला फुडचा मिनिट. आमचे गावात हळदी काय कमी हायत?'

चालत घरी आले. अकरा हळदी! हिशेब सोपा आहे. मला आधी का सुचला नाही?

२ मार्च

दिवसाला बारा चित्रं. म्हणजे दिवसाला एक सेकंद. खुर्चीला उशी घेतली.

११ मार्च

उन्नतीबाईंचा मेसेज – परत आलेले हजार रुपये कुठे पाठवू? सांगितलं, एक रुपया जास्त घाला. कारण विचारलं. सांगितलं. त्यांनी दहा रुपये जास्त घातले, 'व्याह्यांसारखं' म्हणाल्या. असे बाहेरचेही एकोणीस जण परत आलेत. वहीत सगळ्यांची नावं.

२९ मार्च

अभिराम आला. पाकीट ठेवलं, पाचशे एक. मग विचारलं, 'टाच जमली?' त्याला उलटसुलट पानं फडफडवून दाखवली. तीनदा बघितली त्याने. म्हणाला, 'दमलीय ती.' ज्याची रेषा माझ्यापेक्षा चांगली त्याने हे म्हटलं. दिवसभर पुरलं मला.

९ एप्रिल

मनगट सुजलं. बाबांनी बर्फ आणला, आणि कडेला बसून कागदांवर नंबर घालायला लागले. अक्षर सुरेख आहे त्यांचं. खात्यातलं.

२० एप्रिल

झालं. दाखवलं.

सातशे वीस चित्रं, साठ सेकंद. आवाज तयार नव्हता, नुसतं चित्र. पंढरीशेठने डीजेला थांबवलं, नमिता हळदीने माखलेली पहिल्या रांगेत, सखूकाकी तिच्याशेजारी.  एवढ्या मोठ्या पडद्यावर माझी रेषा मी कधी पाहिली नव्हती. पेन्सिलचे कण दिसत होते!

चिखल आला. मुलगी आली. पाऊल पडलं.  दहाव्या सेकंदाला मागून आवाज आला. धप्. मग पुन्हा. भागीरथीआजी बसल्या जागी पाय आपटत होती. मुलीच्या पावलाबरोबर, अचूक. मग तिच्याशेजारची. मग सखूकाकी. साठ सेकंद संपायला आले तेव्हा वीस-पंचवीस म्हाताऱ्या एका तालात जमीन चोपत होत्या. आवाज मला करावाच लागला नाही.

काकी एवढंच म्हणाली, 'टाच नाय उचलली.' मी तिच्या पाया पडले. मला वाटतं मी आयुष्यात याहून खूश होणार नाही, आणि नाही झाले तरी चालेल.

आणखी एक. इस्त्रीचा शर्ट घालून बाबा आले होते. वहीच्या टेबलापाशी उभे. 'इथे पावती देत नाहीत?' म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर जरा थांबले, पाकीट दिलं. माइकवर पुकारा झाला – 'मॅडमचे बाबा, नंदकिशोर कदम, कराड, अकराशे एक!' बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मानेने होकार दिला, जसा काही हजेरीपट आहे.

२३ एप्रिल

दुसरं मिनिट सुरू. एकवीस जूनला पंढरीशेठच्या एका पुतण्याची हळद. आता मीठ ओढायचा प्रसंग – लांब दांड्याच्या फळीने ढीग लावतात तो. नुसतं ऐकून काढणार नाही. काकीच्या माहेरी जाऊन बघणार. तीही येते म्हणाली, दोन वर्षं गेली नाहीये.

२७ एप्रिल

सकाळी काकीला रिक्षाने घेऊन गेले. एप्रिलचा शेवट, आगरात पांढरे ढीग हवे होते. अर्धं आगर बुजलंय. लाल माती, दगड, रोलर. डंपर रांगेत. प्रत्येकाच्या दारावर पंढरीशेठचं नाव. ड्रायव्हर म्हणाला, गोदाम होतंय, जानेवारीपासून भराव चालू हाय. जानेवारीपासून!

काकी बांधावर उभी राहिली. 'माहेर माजा. डंपर सासरचे.' रडली नाही. मी विचारलं, आता काय काढू, काकी? म्हणाली, 'जे हाय ते काढ.'

दुसऱ्या मिनिटाचा पहिला शॉट बदलला. डंपर. दारावरचं नाव हळदीतल्या वीस फुटी पडद्यावर नीट वाचता येईल एवढं. चाक हाताने फिरवणं कठीण, त्याचं अंडं होतं. तीन कागद गेले. चौथा बरा आलाय.